गढूळ, चढत्या आणि थंड पाण्यातील क्रॅपीचा शोध

अमेरिकेच्या दक्षिण भागातील मिसिसिपी राज्यात फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी मुसळधार पाऊस झाला, की तेथील ग्रेनाडा जलाशयाचे रूप दोन-तीन दिवसांत पालटते. पाण्याला दुधाळ चहाचा रंग चढतो. पातळी रोज काही इंचांनी, क्वचित फुटांनी वर येते आणि काठावरची झुडपे कमरेइतक्या पाण्यात उभी राहतात. पावसामागोमाग उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो व पाणी पुन्हा गारठते. क्रॅपी नावाच्या माशासाठी अनेक राज्यांतून हौशी मासेमार याच सुमारास येथे जमू लागतात. आठवड्यापूर्वी ज्या जागी तासाभरात टोपली भरत होती, त्याच जागी आता दिवसभर गळ टाकूनही काही लागत नाही. रजा काढून, पदरमोड करून आलेला मनुष्य सायंकाळी रिकाम्या हाताने परततो आणि मासे कोठेतरी निघून गेले, असा निष्कर्ष काढतो.

वस्तुतः मासे बहुधा फार दूर गेलेले नसतात. बदललेले असते ते पाणी, आणि त्या बदलाबरोबर माशांनी आपली जागा थोडी सरकवलेली असते. कधी ती काठाकडे दोनशे फूट असते, कधी एका ओढ्याच्या मुखातून शेजारच्या आडोशापर्यंत. ही सरक कोणत्या दिशेने होईल, हे पाण्याची ऊब, गढूळपणा, प्रवाह आणि पातळी या चार गोष्टींवरून पुष्कळ अंशी आधीच ताडता येते.

मराठी वाचकाच्या मनातील गढूळ पाण्याचे चित्र याहून निराळे असते. मृगाच्या जोरदार सरींनंतर ओढ्यांतून आणि भाताच्या खाचरांतून वर चढणारे मासे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहेत. या चढणीला तेथे वलगण म्हणतात. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या नद्यांतील मासेही पावसाळी पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. मात्र आपला पूर उन्हाळ्यानंतर येतो. पाणी कोमट असते आणि माशाच्या अंगात तरतरी असते. ग्रेनाडाचा पूर हिवाळ्याच्या शेपटाला येतो. मासा थंडीने मंदावलेला असतो व अंडी घालण्याचा काळ अजून काही आठवडे दूर असतो. त्यामुळे चढणीच्या माशांचा आपल्याकडील अनुभव तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

माशाची ओळख

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील गोड्या पाण्याचा मासा आहे. तो ‘सनफिश’ कुळातील असून या कुळातील मासे मूळचे भारतात नाहीत. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, चंदेरी आणि उंचीला बरेच असते. डोळे मोठे असतात. तोंडाभोवतीची त्वचा इतकी पातळ असते, की गळ जोराने ओढला तर ती फाटून मासा निसटतो; म्हणूनच त्याला ‘कागदी तोंडाचा’ असेही म्हणतात. मांस पांढरेशुभ्र आणि नाजूक चवीचे असते. लुईझियानातील फ्रेंच भाषिकांनी त्यास ‘दुधाची पिशवी’ अशा अर्थाचे ‘साक-ऑ-ले’ हे नाव दिले आणि १९९३ मध्ये पांढरी क्रॅपी ही त्या राज्याचा अधिकृत गोड्या पाण्यातील मासा ठरली. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली क्रॅपी हे दक्षिणेकडील घरांतील आवडते जेवण आहे. नावाचा उच्चार काही प्रदेशांत ‘क्रॅपी’, तर काही ठिकाणी ‘क्रॉपी’ असा होतो आणि त्यावरून स्थानिक मंडळींत थट्टामस्करीही चालते.

या माशाच्या दोन जाती आहेत. काळ्या क्रॅपीच्या अंगावर अनियमित काळे ठिपके विखुरलेले असतात आणि पाठीच्या पराला साधारणतः ७ किंवा ८ काटे असतात. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर उभे फिकट पट्टे असतात व काटे साधारणतः ५ किंवा ६ असतात. काळ्या जातीला स्वच्छ, पाणवनस्पतींनी युक्त पाणी अधिक मानवते. पांढरी जात गढूळपणा चांगला सोसते. ग्रेनाडासारख्या मातकट जलाशयात पांढऱ्या जातीचे प्राबल्य असावे, हे त्यामुळे स्वाभाविकच आहे. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम, ५ पौंड ३ औंस म्हणजे सुमारे २.३५ किलो, याच परिसरातील ईनिड जलाशयात १९५७ मध्ये नोंदला गेला. काळ्या क्रॅपीचा ५ पौंड ७ औंसांचा विक्रम २०१८ मध्ये टेनेसी राज्यात झाला. एरवी एक पौंडाची क्रॅपीसुद्धा चांगली समजली जाते. ग्रेनाडात तीन पौंडांच्या आसपासचा मासा मिळण्याची आशा बाळगता येते, आणि तेथील गर्दीचे खरे कारण हेच आहे.

पूर अडविण्यासाठी बांधलेले जलाशय

एप्रिल १९२७ मध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटून लक्षावधी लोक बेघर झाले. त्या महापुरानंतर पूरनियंत्रणाची जी कामे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने हाती घेतली, त्यांतच पुढे याझू नदीच्या खोऱ्यातील चार धरणे उभी राहिली: सार्डिस (१९४०), अर्काबटला (१९४३), ईनिड (१९५२) आणि ग्रेनाडा (१९५४). ग्रेनाडाचे मातीचे धरण यालोबुशा व स्कूना या दोन नद्यांच्या संगमाखाली आहे. त्यामुळे जलाशयाला दोन लांब शाखा फुटलेल्या आहेत.

या धरणांचा हेतू पूर अडविणे हा असल्याने त्यांचे वार्षिक चक्र आपल्या कोयना-उजनीच्या नेमके उलट चालते. पावसाळी पाणी साठवून उन्हाळ्यात वापरावे, हा आपला हिशेब. तेथे शरद ऋतूत पाणी सोडून देऊन जलाशय मुद्दाम रिता करतात, जेणेकरून हिवाळा आणि वसंतातील पावसाला जागा राहावी. ग्रेनाडाची हिवाळी पातळी समुद्रसपाटीपासून १९३ फूट, तर उन्हाळी पातळी २१५ फूट ठेवली जाते. या २२ फुटांच्या फरकात जलाशयाचा विस्तार तिपटीहून अधिक वाढतो. जे मैदान हिवाळाभर कोरडे असते, ज्यावर गवत व झुडपे माजतात, तेच वसंतात पाण्याखाली जाते.

तळ सपाट असल्याने पातळीतील अल्प वाढही फार मोठी ठरते. जमिनीचा उतार शंभरास एक असेल, तर पाणी एक फूट चढताच काठ शंभर फूट मागे सरकतो. खाली डेल्टाच्या सखल शेतीप्रदेशात पुराचा धोका असला, की धरणातून सोडावयाचे पाणी कमी केले जाते आणि मग फुगवटा झपाट्याने पसरतो. दररोजची पातळी अभियंता दल प्रसिद्ध करते. अनुभवी मासेमार घरून निघण्यापूर्वी हवामानाच्या अंदाजाइतक्याच बारकाईने गेल्या चार-पाच दिवसांचे हे आकडे पाहतो. केवळ आजची पातळी त्याला पुरत नाही. पाणी चढते आहे, स्थिरावले आहे, की उतरू लागले आहे, हे त्याला हवे असते.

गढूळ पाणी जलाशयात शिरते तेव्हा

उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांवर वाऱ्याने वाहून आणलेल्या अतिसूक्ष्म मातीचे थर आहेत. भूशास्त्रज्ञ या मातीला ‘लोएस’ म्हणतात. ती पावसाने सहज धुपते. प्रवाह मंदावताच वाळूचे कण काही मिनिटांत तळाशी बसतात. चिकणमातीचे सूक्ष्म कण मात्र दिवसच्या दिवस, वारा असल्यास आठवडेही, पाण्यात तरंगत राहतात. म्हणून पाऊस थांबला तरी पाणी लगेच निवळत नाही.

तथापि संपूर्ण जलाशय एकाच वेळी आणि एकसारखा गढूळ होत नाही. गाळ प्रथम येतो तो वरच्या टोकाने, नद्यांच्या मुखांतून. धरणाच्या बाजूचे खोल पाणी पुढे कित्येक दिवस त्यामानाने स्वच्छ राहू शकते. मुख्य नदीचे पाणलोट क्षेत्र शेकडो चौरस मैलांचे असल्याने तिचा पूर दीर्घकाळ टिकतो. लहान ओढ्याचा पूर एक-दोन दिवसांत ओसरतो आणि त्या ओढ्याने व्यापलेला जलाशयाचा अरुंद फाटा सर्वांत आधी निवळू लागतो. जंगलातून येणारा ओढा नांगरलेल्या शेतांतून येणाऱ्या ओढ्यापेक्षा कमी माती आणतो, हीदेखील नकाशा पाहून आधीच कळण्यासारखी गोष्ट आहे.

तापमानाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. सुमारे ४ अंश सेल्सिअसच्या वर पाणी जितके थंड, तितके ते जड. जलाशयाचे पाणी १० अंशांचे असताना ६ अंशांचे नदीचे पाणी आत आले, तर ते वर पसरत नाही. खाली बुडी मारून जुन्या पात्राच्या तळाने धरणाकडे सरकते. त्यातील मातीचा भारही त्याला खाली नेतो. अशा वेळी खोल भागात थंड, गढूळ थर आणि वर त्यामानाने ऊबदार पाणी अशी स्थिती निर्माण होते. याउलट मेक्सिकोच्या आखातावरून आलेल्या दमट हवेचा पाऊस कधीकधी जलाशयापेक्षा ऊबदार असतो. तेव्हा आलेले मातकट पाणी वरच पसरते आणि ओढ्याचे मुख थंड न होता उलट तापते. पूर आला म्हणजे पाणी गारठलेच, असे धरून चालणारा येथे फसतो. ओढ्याच्या मुखाशी थर्मामीटर बुडवून पाहण्यास अर्धा मिनिट लागतो.

आणखी एक गोष्ट वरवर विपरीत वाटेल. स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर जातो व त्याची उष्णता मोठ्या थरात विभागली जाते. गढूळ पाण्यात तो वरच्या काही इंचांतच शोषला जातो. त्यामुळे वाऱ्यापासून आडोसा असलेल्या उथळ, मातकट पाण्याचा वरचा थर ऊन पडलेल्या दुपारी स्वच्छ पाण्यापेक्षा लवकर तापतो. पहाटे आणि दुपारी तीन वाजता एकाच ठिकाणी दोन अंशांचा फरक आढळू शकतो. आपल्याला तो जाणवणारही नाही. ज्या प्राण्याच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या पाण्याबरोबरच बदलते, त्याच्या दृष्टीने मात्र तो फरक मोठा असतो. त्याचे पचन, हालचाल आणि भूक यांची गती त्यावरच अवलंबून असते.

सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने जलाशयाच्या उत्तरेकडील काठाला अधिक ऊन मिळते, आणि उत्तरेच्या बोचऱ्या वाऱ्यापासून तो झाकलेलाही असतो. धरणाच्या दगडी पिचिंगचे धोंडे दिवसा तापून शेजारच्या पाण्याला थोडी ऊब देतात. सौम्य, ऊबदार दक्षिणी वारा दोन दिवस वाहिला, तर तापलेला वरचा थर तो समोरच्या काठाकडे लोटून नेतो. तोच वारा उघड्या काठावर लाटा आपटवून चिखल पुन्हा उसळवतो. ऊब हवी तर वारा येतो त्या काठाला जावे, आणि निवळलेले पाणी हवे तर तो काठ टाळावा, अशी ही परस्परविरुद्ध ओढ आहे. थंड पाण्यात बहुधा ऊबेचे पारडे जड ठरते.

गढूळपणा मोजण्याचे सोपे साधन १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने वापरले. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावयाची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावयाची. सरोवरांचा अभ्यास करणारे आजही काळ्या-पांढऱ्या चतकोरांची अशीच तबकडी वापरतात. मासेमार तेच काम आपल्या पांढऱ्या आमिषाने करतो. ते चार इंचांवर दिसेनासे झाले, तर दुसरा फाटा शोधावा. फूटभर खाली दिसत असेल, तर तेथे वेळ घालविण्यास हरकत नाही.

नजर, कंप आणि आडोसा

स्वच्छ पाण्यात क्रॅपी मुख्यतः डोळ्यांनी शिकार करते. पांढऱ्या क्रॅपीच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना असे आढळले, की ती सतत पोहत शोध घेत नाही. ती थोडे अंतर जाते, थबकते, भोवतालचा भाग न्याहाळते, भक्ष्य न दिसल्यास पुन्हा थोडी पुढे सरकते. प्रत्येक थांब्यावर जेवढे दिसते तेवढेच तिचे शिकारीचे क्षेत्र. पाणी गढूळ झाले, की हे क्षेत्र काही इंचांवर येते. मग थंडीने मंदावलेल्या शरीरातील शक्ती खर्चून भटकत राहणे तिला परवडत नाही. ती एखाद्या बुंध्याला, बुडालेल्या फांदीला किंवा झुडपाला जवळजवळ चिकटून उभी राहते आणि भक्ष्य समोर येण्याची वाट पाहते. शरीराच्या बाजूने गेलेली पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म कंप टिपते. नजर निकामी झाली, की या इंद्रियाचे महत्त्व वाढते.

याचा परिणाम दुहेरी होतो. स्वच्छ पाण्यात क्रॅपी उजेड टाळण्यासाठी खोल राहते. गढूळ पाणीच उजेड अडवीत असल्याने तिला आता खोलीची गरज उरत नाही आणि ती उथळ पाण्यात, प्रसंगी दोन-तीन फुटांवरही, येऊन राहते. शॅडसारखे लहान मासे ऊबदार उथळ पाण्याकडे येतात, हेही एक आकर्षण असते. दुसरा परिणाम असा, की मासे उघड्यावर थव्याने तरंगत न राहता आडोशांना विखुरतात. एका झुडपाशी दोन, पुढच्या बुंध्याशी एक, तिसऱ्याशी काहीच नाही, असे ते मिळतात.

नवख्याची चूक बहुधा येथेच होते. ‘थंड पाणी म्हणजे खोल मासा’ हा हिवाळ्यातील नियम त्याने ऐकलेला असतो, आणि स्वच्छ, स्थिर पाण्यात तो खराही असतो. पुराच्या दिवसांत मात्र तो खोल पात्रावर नाव उभी करून नेमक्या थंड, मातकट थरात गळ सोडीत बसतो आणि मासे त्याच्या पाठीमागे काठालगतच्या वाळुंजांत असतात. वाळुंज म्हणजे तेथील विलो. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचाच तो सगोत्र आहे.

शोधाचा क्रम

नकाशा पुढे ठेवून प्रथम मुख्य नद्यांची मुखे बाजूला काढावीत. तेथे प्रवाह, थंडी व गाळ तिन्ही एकत्र असतात, आणि प्रवाहाविरुद्ध सतत पोहत राहणे क्रॅपीला मानवत नाही. नंतर दोन्ही शाखांच्या खालच्या अर्ध्या भागातील असे लहान फाटे निवडावेत, ज्यांचा ओढा लहान आहे, ज्यांचा काठ दक्षिणाभिमुख आहे आणि ज्यांत पाण्याखाली गेलेली झुडपे आहेत. अशा फाट्यात शिरताना मुखाशी, मध्यावर आणि टोकाशी पाण्याचे तापमान पाहावे. एखाद्या ठिकाणी गढूळ व निवळ पाण्याची स्पष्ट रेघ दिसते. ती रेघ सोन्यासारखी समजावी. गाळाच्या बाजूचा अंधार आणि निवळ बाजूची नजर असा दुहेरी लाभ माशाला तेथे मिळतो.

पाणी चढत असेल, तर मासा काठाबरोबर पुढे सरकतो. काल जे झुडूप कोरड्यावर होते, त्याच्या बुंध्याशी आज तो असू शकतो. नव्याने बुडालेल्या जमिनीवरील किडे, गांडुळे यांमागे लहान मासे येतात आणि लहान माशांमागे क्रॅपी. पातळी फारच वेगाने चढत असेल, तर मासे एवढ्या विस्तीर्ण झुडपांत पांगतात, की त्यांना गाठणे जिकिरीचे होते; अशा वेळी जुन्या ओढ्याच्या पात्राची कडा, शेतातील बुडालेला चर किंवा रस्त्याखालची मोरी अशा ज्या वाटांनी मासा आत-बाहेर करतो, त्या धराव्यात. पाणी स्थिरावले, की दोन-तीन दिवसांत सर्व काही मार्गावर येते. मासेमारीस हाच उत्तम काळ. पातळी उतरू लागताच मात्र क्रॅपी विलक्षण सावध होते. उथळ भागात अडकून पडण्यापूर्वीच ती झुडपांच्या बाहेरच्या कडेला, पहिल्या उताराशी मागे येते. कालच्या झुडपापाशी हट्टाने बसून राहणाऱ्यास हे कळत नाही.

आमिषाविषयी थोडक्यात सांगता येईल. पाणी थंड आणि नजर तोकडी असल्याने आमिष जवळजवळ स्थिर हवे आणि माशाच्या अगदी पुढ्यात हवे. दहा-बारा फुटांच्या लांब काठीने ते बुंध्याला लागून उभे सोडतात व तेथेच धरून ठेवतात. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूची हालचाल चांगली टिपतात. म्हणून आमिष तिच्या थोडे वर असावे, खाली गेलेले व्यर्थ जाते. काळा आणि पोपटी-पिवळा अशा ठसठशीत विरोधी रंगांची निवड गढूळ पाण्यासाठी केली जाते. जिवंत लहान मासा गळाला लावला, तर त्याच्या धडपडीचे कंपही मदतीला येतात. एका नावेच्या नाकाडावरून अनेक काठ्या पंख्यासारख्या पसरून हळूहळू पुढे जाण्याची, कोळ्याच्या पायांवरून नाव पडलेली पद्धतही या जलाशयांवर लोकप्रिय आहे. ती उघड्या पाण्यासाठी बरी, दाट झुडपांत तिचा उपयोग नाही.

ध्वनिलहरींवर चालणाऱ्या मत्स्यशोधक यंत्रांनी अलीकडे मोठी क्रांती केली आहे. २०१८ पासून बाजारात आलेली, नावेच्या पुढील पाण्याचे चलत्‌चित्र दाखविणारी यंत्रे एकेक मासा स्वतंत्रपणे दाखवितात आणि ध्वनीला गढूळपणाची अडचण नसते. मात्र तीन फूट पाण्यातील दाट फांद्यांत त्यांचे चित्र गोंधळते. गढूळ पुराच्या दिवसांत साधी लांब काठी आणि थर्मामीटर घेऊन फिरणारा वृद्ध महागड्या यंत्रधाऱ्यांच्या बरोबरीने मासे आणतो, याचे कारण बहुधा हेच असावे.

घरटी आणि उतरते पाणी

या काळात मिळणाऱ्या मोठ्या क्रॅपींपैकी पुष्कळ माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. पाणी साधारण १६ ते २० अंशांवर आले, की नर काठालगतच्या शांत, उथळ पाण्यात घरट्याची जागा साफ करतो. या दिवसांत त्याचा रंग गडद होतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंड्यांची व नवजात पिलांची राखण नर एकटाच करतो. दक्षिणेकडील अनेक जलाशयांच्या अभ्यासांत असे दिसून आले आहे, की हिवाळा-वसंतात भरपूर पाणी आलेल्या वर्षी क्रॅपीची पैदास पुष्कळदा चांगली होते. बुडालेल्या गवता-झुडपांत पिलांना अन्न आणि आसरा दोन्ही मिळतात. ज्या पुराने मासेमाराचा आठवडा वाया गेला, त्याच पुराची पिले दोन-तीन वर्षांनी त्याच्या गळाला लागण्याजोगी होतात.

अट एवढीच, की घरटी झाल्यावर पाणी एकाएकी उतरू नये. पातळी झपाट्याने खाली आली, तर उथळ पाण्यातील अंडी उघडी पडतात किंवा नर घरटे सोडून जातो. परंतु खालच्या शेतांना व वस्त्यांना पुरापासून वाचविणे हे धरणाचे पहिले कर्तव्य आहे आणि पुढच्या पावसासाठी जागा करण्यास पाणी सोडणे भाग पडते. त्यामुळे सलग काही वर्षे पैदास कमी होऊन क्रॅपी दुर्मीळ होते आणि मग एखाद्या अनुकूल वर्षाने जलाशय पुन्हा भरून जातो, असे चढउतार या माशाच्या बाबतीत नेहमीचेच आहेत. राज्याच्या वन्यजीव विभागाने माशाच्या किमान लांबीची व दैनंदिन संख्येची बंधने घातलेली आहेत, ती याच कारणास्तव.

पुराच्या थंड पाण्यावर जाणाऱ्यास शेवटी स्वतःच्या जिवाचाही हिशेब ठेवावा लागतो. दहा अंशांच्या पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात आवरत नाही आणि नाकातोंडात पाणी जाऊन तो पोहता येत असूनही बुडू शकतो. श्वास सावरला, तरी हातापायांत ताकद राहते ती साधारण दहा मिनिटे. तेवढ्यात नावेवर चढणे जमले तर जमले. मातकट पाण्यात अर्धवट बुडालेले ओंडके आणि जुन्या झाडांचे खुंट दिसत नाहीत, आणि पातळी रोज बदलत असल्याने काल मोकळी असलेली वाट आज खुंटांवरून जाते. म्हणून तरंगजाकीट नावेत बाकाखाली न ठेवता अंगावर घालावे, झुडपांत शिरताना नाव अगदी सावकाश चालवावी, आणि कोणत्या फाट्यात जात आहोत व किती वाजता परतणार, हे काठावरील कोणास तरी सांगून निघावे.